इंग्रजी वाचता येते, लिहिता येते. बोलताना मात्र वाक्य अर्ध्यावर अडते

अर्धविराम :

नमस्कार. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. इंग्रजी बातम्या वाचताना मला शब्दकोश फारसा उघडावा लागत नाही आणि थोडा वेळ मिळाला तर ई-मेलही बऱ्यापैकी निर्दोष लिहिता येते. अडचण बोलण्याची आहे. मागच्या आठवड्यात एका बैठकीत मला विचारले गेले, ‘हाउ लाँग हॅव यू बीन वर्किंग ऑन धिस?’ प्रश्न पूर्ण कळला होता, उत्तरही ठाऊक होते : दोन महिने. तरीही मी ‘आय ॲम वर्किंग सिन्स टू मंथ्स’ असे बोलून गेले. वाक्य तोंडातून बाहेर पडत असतानाच ते चुकल्याचे लक्षात आले, ते सुधारायला मी थांबले आणि त्यानंतर जे काही सांगायचे होते ते सगळेच विस्कटले.

गंमत अशी की, हाच नियम गाळलेल्या जागा भरताना मी कधीच चुकत नाही. व्याकरणाची सरावपुस्तिका दोनदा सोडवून झाली आहे. रोज वीस नवे शब्दही पाठ करत होते, पण बोलताना त्यांतला एकही मदतीला धावून येत नाही. एका चाचणीत माझी पातळी ‘बी-वन’, म्हणजे मध्यम, निघाली. रोज पाऊण तास मी नक्की देऊ शकते, मात्र बोलायला जोडीदार नाही. हा वेळ व्याकरण, शब्द आणि संभाषण यांत कसा वाटावा?

खडूफळा :

अनेक वर्षे इंग्रजी शिकवत आल्यामुळे तुमचे ते वाक्य मला फार ओळखीचे वाटले. मराठीत आपण ‘जानेवारीपासून’ म्हणतो आणि ‘दोन महिन्यांपासून’ असेही म्हणतो. दोन्हीकडे ‘पासून’ चालतो. शिवाय ‘मी दोन महिन्यांपासून यावर काम करते आहे’ या वाक्यातले क्रियापद सरळ वर्तमानकाळातले आहे. या दोन्ही सवयी उचलून इंग्रजीत ठेवल्या की, नेमके तुम्ही बोललात ते वाक्य तयार होते. इंग्रजीला मात्र काम कधी सुरू झाले हे सांगायला ‘सिन्स’ लागतो, किती काळ चालले हे सांगायला ‘फॉर’ लागतो आणि भूतकाळापासून आतापर्यंतचा धागा क्रियापदात दाखवावा लागतो : ‘आय हॅव बीन वर्किंग ऑन धिस फॉर टू मंथ्स.’

याची उलट बाजूही पाहा. ‘हा अहवाल मी काल वाचला आहे’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. त्याच चालीवर ‘आय हॅव रेड धिस रिपोर्ट यस्टरडे’ म्हटले की चूक होते, कारण ‘काल’सारखा संपून गेलेला काळ वाक्यात आला की, इंग्रजीत तिथे ‘हॅव’ टिकत नाही. आपला ‘ना’ हाही असाच फसवा आहे. ‘येणार ना?’, ‘गेली ना?’, ‘आवडले ना?’ हे सगळे एका अक्षरात भागते, म्हणून इंग्रजी बोलताना आपण सगळीकडे ‘इजन्ट इट’ लावतो. वास्तविक तिथे ‘आरन्ट यू’, ‘डिडन्ट शी’ असे प्रत्येक वेळी क्रियापद पाहून ठरवावे लागते. आणखी एक चूक मात्र मराठीमुळे होत नाही, शाळेत अतिशय मेहनतीने शिकलेल्या नियमामुळे होते. प्रश्नात क्रियापद आधी येते हे एकदा डोक्यात पक्के बसले की, आपण ‘कॅन यू टेल मी व्हेअर इज ही?’ असे विचारू लागतो. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम पुन्हा साधा होतो, म्हणून तिथे ‘व्हेअर ही इज’ हवे.

सरावपुस्तिका तिसऱ्यांदा सोडवू नका. गाळलेली जागा समोर असते तेव्हा कोणता नियम तपासायचा हे पुस्तकाने आधीच सांगितलेले असते. बोलताना ती सूचना कोणीच देत नाही. त्याऐवजी स्वतःच्या चुकांची एक वही ठेवा, त्यांतल्या दोनच चुका पंधरा दिवसांसाठी निवडा आणि त्या रचनांची, तुमच्या स्वतःच्या आयुष्यातली खरी वाक्ये मोठ्याने बोला. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ यांचा नाद सध्या सोडा. मराठीत त्यांच्या तोडीचे काही नसल्यामुळे ते अंगवळणी पडायला वर्षे लागतात आणि ते चुकले तरी समोरच्याला अर्थ बहुधा कळतो.

पुनश्च :

वरच्या प्रतिसादातले विश्लेषण मला पटते, पण धागालेखिकेची खरी अडचण वेगाची आहे असे मला वाटते. नियम त्यांना ठाऊक आहे. तो वेळेवर हाती लागत नाही. जोडीदार नसतानाही करता येईल असा एक सराव सांगतो. एखादा ठरावीक विषय घ्या, उदाहरणार्थ सध्या हाती असलेले काम, आणि त्यावर घड्याळ लावून चार मिनिटे बोला. लगेच तीच हकिगत तीन मिनिटांत सांगा, नंतर दोन मिनिटांत. मजकूर बदलत नसल्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत काय बोलायचे हे शोधण्यात डोके अडकत नाही आणि ते सगळे लक्ष कसे बोलायचे याकडे वळते. भाषाशिक्षणात ही पद्धत ‘चार-तीन-दोन’ म्हणून ओळखली जाते.

पहिली आणि तिसरी फेरी फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐका. मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा चार मिनिटांत सतरा वेळा ‘ॲक्च्युअली’ म्हटले होते, त्यांतल्या दोन वेळा ‘बट ॲक्च्युअली, ॲक्च्युअली’ असे जोडीने. ऐकवत नव्हते. व्याकरणाच्या चुकांची मात्र मला जेवढी धास्ती होती, त्याच्या निम्म्याही निघाल्या नाहीत.

शब्दवेल्हाळ :

रोज वीस शब्द पाठ करण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या सरावात माझी स्वतःची दोन वर्षे वाया गेली.

मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये शिकणाऱ्यांसाठी सर्वाधिक उपयोगी इंग्रजी शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली होती, ती सुमारे २००० शब्दांची होती. तुमच्या पातळीच्या माणसाला त्यांतले जवळपास सगळे शब्द वाचून कळतात. तेव्हा शब्द कमी पडतात असे वाटत असले तरी माझ्या अनुभवाप्रमाणे ओळखीच्या शब्दाला कोणता शब्द चिकटतो, हे माहीत नसल्यामुळे वाक्य अडते. आपले ‘करणे’ हे क्रियापद घ्या. चूक करणे, मदत करणे, आराम करणे, फोन करणे, तक्रार करणे : मराठीत एका क्रियापदावर संसार चालतो. इंग्रजीत चूक ‘मेक’ होते, आराम ‘टेक’ किंवा ‘हॅव’ होतो, मदतीला ‘हेल्प’ एवढे क्रियापदच पुरते आणि तक्रारीसाठी ‘कम्प्लेन’ किंवा ‘मेक अ कम्प्लेंट’ दोन्ही चालतात. ‘डू अ मिस्टेक’ म्हणणाऱ्याला दोन्ही शब्द येत असतात. त्यांची जोडी येत नसते.

म्हणून कार्डावर एकटा शब्द लिहू नका. एका बाजूला ‘मी निर्णय पुढे ढकलला’ असे अख्खे मराठी वाक्य आणि दुसऱ्या बाजूला ‘आय पुट ऑफ द डिसिजन’ असे लिहा आणि नेहमी मराठीकडून इंग्रजीकडे जा, कारण बोलताना प्रवास त्याच दिशेने होतो. उजळणीसाठी सेबास्टियान लाइटनर यांची १९७२ मधली खोक्यांची पद्धत पुरेशी आहे : जमलेले कार्ड पुढच्या खोक्यात जाते आणि अधिक दिवसांनी समोर येते, चुकलेले पुन्हा पहिल्या खोक्यात येते. रोज पाच वाक्ये पुष्कळ झाली.

अर्धविराम :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री चार-तीन-दोनचा प्रयोग केला. पहिल्या फेरीत तीन मिनिटांतच विषय संपला; तिसऱ्या फेरीत दोन मिनिटे अपुरी पडली. ‘ॲक्च्युअली’ माझ्याकडे नाही, पण ‘लाइक दॅट ओन्ली’ आहे, आणि ते मी म्हणते याची मला कल्पनाच नव्हती.

दोन शंका आहेत. बोलताना चूक लक्षात आली तर थांबून सुधारावी की पुढे जावे? आणि ‘हॅव बीन वर्किंग’ व ‘हॅव वर्क्ड’ यांत नेमके काय निवडायचे?

पुनश्च :

चुकीमुळे अर्थ बदलत असेल तरच सुधारावी, तीही अख्खे वाक्य मागे न नेता. ‘सिन्स टू मंथ्स, सॉरी, फॉर टू मंथ्स’ एवढे म्हणून पुढे निघावे. शब्द सापडेपर्यंत वेळ काढायलाही तयार वाक्ये हवीत. ‘लेट मी थिंक’, ‘व्हॉट आय मीन इज’ ही दोन जिभेवर बसली तरी शांततेची भीती पुष्कळ कमी होते. संभाषणात आपण आणखी एका ठिकाणी कमी पडतो. ‘हाउ वॉज युअर वीकेंड?’ असे कोणी विचारले की, ‘गुड’ म्हणून आपण मोकळे होतो. त्यापुढे एक बारीकसा तपशील सांगून ‘हाउ अबाउट यू?’ विचारले, की समोरच्याला बोलणे पुढे न्यायला जागा मिळते.

खडूफळा :

दुसऱ्या शंकेविषयी. ‘आय हॅव बीन रायटिंग द रिपोर्ट’ म्हटले की ऐकणाऱ्याचे लक्ष चाललेल्या खटपटीकडे जाते आणि अहवाल बहुधा अजून पुरा व्हायचा आहे असे तो समजतो. ‘आय हॅव रिटन द रिपोर्ट’ म्हटले की तो अहवाल मागायला हात पुढे करेल. ‘वर्क’ आणि ‘लिव्ह’ या क्रियापदांबाबत, कालावधी सांगताना हा फरक बराच पुसट होतो, त्यामुळे तुमच्या त्या वाक्यात ‘हॅव वर्क्ड’ म्हटले असते तरी कोणी चूक काढली नसती. ‘नो’ (ओळखणे) यासारख्या क्रियापदांना मात्र हे ‘बीन’ चालत नाही. एखाद्या मैत्रिणीला दहा वर्षांपासून ओळखत असाल तर ‘आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स’ एवढेच म्हणायचे. तुमच्या वहीतल्या पहिल्या पानासाठी हे वाक्य घ्या आणि त्यात तुमच्या ओळखीची पाच माणसे आणि खरी वर्षे घालून ते मोठ्याने म्हणून पाहा.