मोठ्या दुर्घटनेची तयारी: मॉक ड्रिल फाइलपुरती राहू नये म्हणून काय करावे?

प्रश्न – परिचर्या-शिक्षिका, बडोदे

मी शहरातील एका रुग्णालयात परिचारिकांच्या प्रशिक्षणाचे काम पाहते. आमच्याकडे मॉक ड्रिलची तारीख आठ दिवस आधी फलकावर लागते आणि त्या दिवशी सकाळी अकरा वाजता, म्हणजे सगळे वरिष्ठ हजर असताना, नर्सिंगचे विद्यार्थी कपाळाला लाल शाई लावून स्ट्रेचरवर झोपतात. फोटो निघतात, चहा होतो, अहवाल फाइलला लागतो. गेल्या खेपेस नोंदणीच्या खिडकीवरील कारकुनाने ‘बेशुद्ध’ रुग्ण झालेल्या मुलीला नाव-पत्ता विचारला आणि तिने डोळे मिटूनच तो सांगितला. सगळे हसले, मीही हसले. पण घरी जाताना वाटले की खरोखरची बेशुद्ध मुलगी आली असती तर तो कारकून काय करणार होता, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

जानेवारी २०२४ मध्ये हरणी तलावात शाळकरी मुलांची बोट उलटली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि जुलै २०२५ मध्ये पादऱ्याकडचा गंभीरा पूल कोसळला. तर अशा वेळी, रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत दोन सिस्टर, एक इंटर्न आणि एक वॉर्डबॉय एवढीच माणसे असताना काय करायचे, हे वेगळा निधी न मागता कसे शिकवता येईल?

उत्तर १ – कॅज्युअल्टीतील डॉक्टर

सिस्टर, आपण नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. माझ्या मते संपूर्ण रुग्णालयाची ड्रिल वर्षातून एकदा पुरे. त्याऐवजी दरमहा, न सांगता, रात्रपाळीत फक्त पहिल्या पंधरा मिनिटांचा सराव घ्यावा.

त्या पंधरा मिनिटांत शिकवायची मुख्य गोष्ट म्हणजे ट्रायाज, अर्थात कोणाला आधी उपचार द्यायचे त्यानुसार रुग्णांची वर्गवारी. जो चालू शकतो तो हिरवा. श्वासमार्ग मोकळा करूनही जो श्वास घेत नाही तो काळा, म्हणजे वाचण्याची आशा नसलेला. ज्याचा श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त आहे, ज्याच्या मनगटाची नाडी लागत नाही किंवा ज्याला ‘हात दाबा’ म्हटलेले कळत नाही, तो लाल, म्हणजे सर्वांत आधी उपचारांचा. उरलेले सगळे पिवळे, म्हणजे थोडे थांबू शकणारे. एका माणसासाठी एक मिनिटाहून अधिक वेळ द्यायचा नाही. नियम पाठ करायला अर्धा तास लागतो. अवघड आहे ते पुढचे: ट्रायाज करणाऱ्याने उपचार करायचा नसतो. माझा अनुभव असा की चांगली सिस्टर तिसऱ्या रुग्णापाशी थांबते, सलाइन लावू लागते, आणि दारात मागे पंधरा जण तसेच पडून राहतात. म्हणून सरावात तिच्या हातातून सलाइनचा सेट काढून घ्या आणि फक्त चार रंगांच्या फिती द्या.

दुसरे असे की सर्वांत आधी पोहोचतात ते किरकोळ जखमी, कारण ते रिक्षातून किंवा कोणाच्या तरी स्कूटरवर बसून येतात. गंभीर रुग्ण १०८ मधून मागून येतात. खाटा पहिल्या दहा मिनिटांतच भरल्या तर लाल रुग्णाला जागा उरत नाही. हिरव्यांना ओपीडीच्या बाकांवर बसवण्याचा निर्णय रखवालदारालाही ठाऊक हवा.

उत्तर २ – निवृत्त कारखाना वैद्यकीय अधिकारी

बडोद्याच्या बाबतीत पूर आणि पूल यांच्या जोडीने नंदेसरीची रासायनिक वसाहत आणि कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना यांचा विचार केल्यावाचून ही तयारी पूर्ण होत नाही. १९८४ च्या डिसेंबरमध्ये भोपाळच्या डॉक्टरांसमोर हजारो माणसे खोकत, डोळे चोळत आली तेव्हा वायू कोणता हे त्यांना नीट सांगितलेच गेले नव्हते. टोकियोमध्ये २० मार्च १९९५ रोजी भुयारी रेल्वेत सरीन हे विषारी रसायन सोडण्यात आले त्या दिवशी एकाच रुग्णालयात ६४० रुग्ण आले, त्यांतील कित्येक पायी किंवा टॅक्सीने. त्यांच्या कपड्यांतून निघालेल्या वाफेने तिथल्या कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला.

यावरून करायचे काम साधे आहे. रसायनाचा संशय असेल तर रुग्णाला दाराबाहेर, मोकळ्या हवेत थांबवून कपडे काढावेत, कारण अंगावरील रसायनाचा मोठा भाग कपड्यांबरोबरच जातो. मग भरपूर पाणी आणि साबण. आपल्या दारापाशी नळ आहे का, आडोशाला पडदा आहे का, ओल्या रुग्णाला गुंडाळायला चादरी कुठे आहेत, हे आजच पाहा. (आमच्याकडे नळ होता, पण त्याची तोटी माळ्याकडे असे.) जवळच्या कारखान्यांकडून त्यांच्या रसायनांच्या सेफ्टी डेटा शीट (रसायनाचे धोके आणि उपाय सांगणारी पत्रके) मागवून कॅज्युअल्टीतच ठेवाव्यात, प्रशासकीय कार्यालयाच्या कपाटाला रात्री कुलूप असते.

उत्तर ३ – वैद्यकीय अभिलेख विभाग

कारकुनाला दोष देऊ नका. नावाशिवाय केसपेपर काढायचा नाही, हेच त्याला शिकवले आहे. आम्ही पन्नास कोरे केसपेपर आधीच क्रमांक घालून, तोच क्रमांक असलेल्या मनगटपट्टीसह एका पिशवीत ठेवले आहेत. नाव मागाहून येते. पेन दोरीने बांधून ठेवा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. काल रात्री, मेट्रनना सांगून पण पाळीवरच्यांना न सांगता, आठ विद्यार्थ्यांना घेऊन पहिला सराव घेतला. नळ चालू आहे, पडदा नाही. एक अडचण मात्र सुटली नाही: काळी फीत बांधायची वेळ आली तेव्हा एका नवीन सिस्टरने ती बांधलीच नाही, पिवळी बांधली. खोटा रुग्ण आहे हे माहीत असूनही तिचा हात धजला नाही. डॉक्टर, हे कसे शिकवायचे?

कॅज्युअल्टीतील डॉक्टर

पहिल्या सरावात मीही पिवळीच बांधली होती. तिला सांगा की काळी फीत कायमची नसते. लाल रुग्ण मार्गी लागले की काळ्यांकडे पुन्हा जाऊन पाहायचे असते, आणि हे काम कोणाचे, ते पाळी सुरू होतानाच नेमून द्यायचे. पुढच्या सरावात ते काम तिलाच द्या.