मदत हवी आहे: किनारा व्यवस्थापनाच्या आराखड्यात बायकांचं काम कसं नोंदवायचं?

नमस्कार मंडळी,

खाडी आणि कांदळवनाच्या व्यवस्थापन आराखड्यावर काम करतेय आणि एका जागी अडलेय. आमच्या सर्वेक्षणाच्या फॉर्मवर पहिलाच रकाना 'बोट कोणाच्या नावावर?' असा आहे. ओहोटीला गुडघाभर चिखलात वाकून शिंपल्या-कालवं वेचणारी बाई तिथेच गळते. तिच्या नावावर बोट नसते, मग ती मच्छीमारच ठरत नाही! पुढे आराखड्यात नेमका तोच चिखलाचा पट्टा 'प्रवेश बंद' होतो. बोटवाला थोडं लांब जाऊन जाळं टाकेल, पण पायी जाणारीने कुठे जायचं?

लहान प्रमाणावरच्या मासेमारीसाठी एफएओने (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने) 2014 साली दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्त्री-पुरुष समानता आहे. 2022 च्या जागतिक जैवविविधता आराखड्यातलं 23 वं लक्ष्यही त्याबद्दलच आहे. कागदावर सगळं आहे हो, पण फॉर्मवर ते उतरवायचं कसं?

बैठकांचंही तसंच. मासळी निवडायच्या वेळेलाच बैठक ठेवली की बायका येणार कशा? आणि आल्या तरी मागे बसून ऐकतात. समितीत दोन नावं घालून हे सुटेल असं मला वाटत नाही.

कोणी वेचणीच्या जागांचे नकाशे बायकांकडूनच काढून घेतलेत का? ओहोटीच्या वेळा धरून, ऋतूप्रमाणे नोंदी कशा ठेवल्या? शिंपल्यांसाठी पाळीपाळीने पट्टे बंद-खुले ठेवायचा निर्णय त्यांच्याच हाती देऊन पाहिलाय का? फॉर्मचा नमुना असेल तर कृपया पाठवा. आराखडा पक्का व्हायच्या आत हे बदलायचंय.