अफूला तापाचं औषध म्हणणारे डॉक्टर चुकले होते की विकले गेले होते?

पुसदचा मास्तर: चीनला अफू विकून इंग्रज तिजोरी भरत होते. इंग्लंडातच आरडाओरड झाली, म्हणून 1893 साली लॉर्ड ब्रॅसींचा अफू आयोग नेमला. 1895 च्या अहवालात निघालं काय? माफक अफू हिंदी माणसाला बाधत नाही, हिवतापाच्या मुलखात तर कामीच येते! आयोगात सर विल्यम रॉबर्ट्स हे नामांकित डॉक्टर बसले होते. माझ्या मते हे वैद्यकशास्त्र नव्हतंच, धंद्याला दिलेलं सर्टिफिकेट होतं.

वणीकर: नाही पटत, मास्तर. हिवताप डासानं पसरतो हे डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी 1897 ला दाखवलं. तोवर कितीतरी जण दूषित हवेलाच दोष देत. माझी आजी निंदणाला जाताना लेकराला अफू चाटवायची अन् धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधायची. तिला काय गोऱ्या साहेबानं शिकवलं? लोक जे करत होते तेच डॉक्टरांनी लिहिलं.

पुसदचा मास्तर: आजीनं अहवाल लिहिला नाही, भाऊ. अन् तापाचं खरं औषध सरकारजवळ होतंच. ज्याच्या सालीतून क्विनाइन निघतं तो सिंकोना नीलगिरीत 1860 च्या दशकापासून लावलेला, बंगालात 1892 पासून पोस्टात पैशाला क्विनाइनची पुडी मिळे. इंग्लंडात 1868 च्या कायद्यानं अफूच्या बाटलीवर ‘विष’ अशी चिठ्ठी लावणं सक्तीचं झालं. तिथं विष, इथं औषध? शरीर तर माणसाचंच ना!

आशाताई, घाटंजीकडची: झोळीचं मीही ऐकलं आहे, दादा. आमच्या म्हाताऱ्या सांगतात, ते लेकरू रडायचं नाही, दूधही मागायचं नाही. बाया म्हणायच्या, किती गुणी आहे! असली गुणी लेकरं निजल्या निजल्या वाळत गेली. रोज घरोघरी बाळांची वजनं घेते मी. न रडणारं बाळ दिसलं की माझा जीव आजही धसकतो.

वणीकर: ताई, आजीची दोन लेकरं वाढलीच नाहीत. घरात म्हणत, दृष्ट लागली. आज तुमचं वाचून हातातला चहा तसाच राहिला. अफूची बाजू मी घेणार नाही. पण मास्तर, चुकणं वेगळं अन् जाणूनबुजून खोटं बोलणं वेगळं. साऱ्याच डॉक्टरांना एका माळेत ओवू नका.

पुसदचा मास्तर: साऱ्यांना नाही ओवत. पण नऊ जणांच्या आयोगात अहवालाला सरळ विरोध नोंदवला तो एकट्या हेन्री विल्सन यांनी, अन् ते डॉक्टर नव्हते, खासदार होते. रॉबर्ट्स तर त्याच टेबलावर बसले होते.