पुसून पुन्हा वापरता येणारी छपाई लहान कार्यालयाला उपयोगी पडेल का?

प्रश्न

नमस्कार. पुण्यात आमचे चौदा जणांचे हिशेब तपासणीचे कार्यालय आहे. महिन्याला सुमारे वीस रीम, म्हणजे 75 जीएसएमच्या (चौरस मीटरला 75 ग्रॅम वजनाच्या) ए-फोर कागदाचे जवळपास 47 किलो आम्ही वापरतो. त्यातील बराचसा कागद ताळेबंदाच्या कच्च्या प्रतींवर जातो: साहेब लाल पेनाने दुरुस्त्या करतात, नवी प्रत निघते आणि जुनी संध्याकाळपर्यंत रद्दीत पडते. छापलेला मजकूर पुसून तोच कागद पुन्हा वापरू देणारे प्रिंटर असतात, असे वाचनात आले. आमच्यासारख्यांनी त्या वाटेला जावे का?

उत्तर १

असे यंत्र तोशिबा कंपनीने 2012 च्या सुमारास आणले. त्याच्या टोनरमधील (छपाईच्या भुकटी-शाईतील) रंगद्रव्य उष्णतेने रंगहीन होते, त्यामुळे छापलेले कागद वेगळ्या पुसणी यंत्रातून काढले की बहुतेक कोरे होतात आणि एकच कागद साधारण पाच वेळा वापरता येतो. नेहमीच्या काळ्या टोनरमध्ये काजळीसारखा कार्बन असतो. त्याला उष्णतेने काहीच होत नाही, म्हणून आपल्या सध्याच्या प्रिंटरमधून निघालेल्या प्रती या पद्धतीने पुसता येणार नाहीत. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी 2012 सालीच हिरव्या लेसरच्या स्पंदांनी साधा टोनर कागदावरून उडवून दाखवला होता, पण तो प्रयोगशाळेतला प्रयोग होता.

तुमची खरी अडचण मात्र साहेबांचे लाल पेन ही आहे. यंत्र फक्त स्वतःचा निळा टोनर पुसते, साध्या पेनाची शाई तशीच राहते, आणि तुमच्याकडे तर प्रत्येक कच्च्या प्रतीवर खुणा असणार. पायलटचे फ्रिक्सियन पेन याच तत्त्वावर चालते, सुमारे 60 अंशांना त्याची शाई दिसेनाशी होते; साहेबांना ते पेन हाती धरायला लावता आले तरच यंत्राचा विचार करावा. (ती शाई उणे 10–20 अंशांच्या गारठ्यात परत उमटते, हेही ध्यानात ठेवावे.) सही करून द्यायचा अहवाल अर्थातच अशा टोनरने छापू नये.

उत्तर २

मी यंत्राच्या वाटेला न जाता पाठकोऱ्या कागदांची व्यवस्था लावली आणि तिचे फायदे-तोटे दोन्ही पाहिले आहेत. पाठकोरे कागद वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावेत, स्टेपल पिना एकूणएक काढाव्यात, दुमडलेले कोपरे असलेला कागद बाजूला टाकावा आणि पावसाळ्यात गठ्ठा उघडा ठेवू नये, कारण दमट कागद वळतो आणि प्रिंटरमध्ये अडकतो. आधीच्या छपाईचा टोनर फ्युझरच्या (टोनर वितळवून कागदावर बसवणाऱ्या भागाच्या) उष्णतेने पुन्हा मऊ होऊन रोलरला चिकटू शकतो, म्हणून महाग यंत्राऐवजी जुना प्रिंटर या कामाला जुंपणे बरे.

सर्वांत मोठी चूक मात्र यंत्राची नव्हती, आमची होती. एका अशिलाला पाठवलेल्या पत्राच्या पाठीमागे दुसऱ्या अशिलाच्या कर्मचाऱ्यांची पगारपत्रके निघाली. त्या दिवसापासून पाठकोरा कागद कार्यालयाच्या दाराबाहेर जात नाही आणि नावे-आकडे असलेला कागद त्या ट्रेमध्ये मुळीच जात नाही. तुमच्या कामात हा नियम लावलात तर पाठकोऱ्या ट्रेमध्ये फारसे काही उरेल असे मला वाटत नाही; म्हणून तुम्ही दोन्ही बाजूंच्या छपाईपासूनच सुरुवात करावी.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. लाल पेनाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. प्रिंटरची मूळ मांडणी आजच दोन्ही बाजूंवर केली आहे, आणि कच्च्या प्रतीवरील दुरुस्त्या पडद्यावर करून पाहाव्यात असे उद्या साहेबांसमोर मांडणार आहे. त्यांनी नकार दिला, तर निदान फ्रिक्सियनचे एक लाल पेन त्यांच्या टेबलावर ठेवून पाहतो.