उत्तर: घोडीच्या गर्भाशयाला कडुनिंबाचा काढा?

घोडीच्या गर्भाशयाच्या संसर्गावर काय करावं, असा प्रश्न आहे आणि वर कोणीतरी कडुनिंब-हळदीचा काढा पिचकारीने थेट गर्भाशयात सोडायला सांगितलंय. कृपा करून नको. असली जळजळ करणारी द्रावणं आतलं अस्तर सोलतात, मग ते एकमेकांना चिकटलं की घोडी कायमची वांझ. तोंडावाटे हळद द्या हवी तर, माझी ना नाही.

इथे कोणी निरणीच्या (घोडीच्या योनिमुखाच्या) ठेवणीबद्दल बोललंच नाही. आमच्याकडे वरातीच्या घोड्या हंगाम संपला की पार खंगतात. चरबी उतरली की गुदद्वार आत ओढलं जातं, निरण तिरकी होते आणि लीद थेट तिच्यावर पडते. दुडकी चालताना मागून हवा शिरल्याचा फसफस आवाज ऐकला असेल तर समजा, हवेसोबत घाणही आत जाऊन संसर्ग होत राहणार, काढे व्यर्थ आहेत. अशा घोडीला पशुवैद्य भूल देऊन निरणीचा वरचा भाग शिवतात. कॅसलिक म्हणतात त्याला. विण्याआधी टाके मात्र उघडावे लागतात, नाहीतर फाटतं. सोबत पोटभर चारा आणि रोज फिरवणं, कारण हालचालीने आत साचलेलं पाणी निचरतं. पू येत असेल तर आधी स्वॅब, म्हणजे आतल्या स्रावाचा नमुना घेऊन तपासणी. बुरशी निघाली आणि अँटिबायोटिक देत बसलात तर ती आणखी फोफावते.