बोरामणीजवळ कॅरिअरवर झाकलेली सेडान: जुलिया की एम-थ्री?

हैदराबादरोड_१३

रविवारी सकाळी बोरामणीच्या अलीकडे चहाला थांबलो होतो. टपरीशेजारी एक फ्लॅटबेड उभा होता, तोंड हैदराबादकडे. वर एकच गाडी, राखाडी कव्हर घातलेली, चारी चाकं पट्ट्यांनी आवळलेली. ड्रायव्हर केबिनमध्ये गाढ झोपला होता, त्याला उठवणं जीवावर आलं. दुसऱ्याच्या गाडीच्या कव्हराला हात लावणं तर बरोबरच नाही. बाहेरून जे दिसलं तेवढं सांगतो.

चार दारांची सेडान, हे आकारावरून नक्की. नाक लांब, डिकी आखूड. मागच्या बाजूला वाऱ्यानं कव्हर उचललं जात होतं, तिथं चार एक्झॉस्ट दिसले: दोन डावीकडे, दोन उजवीकडे, सगळे गोल, मध्ये काळा डिफ्यूझर. मागचा टायर पिरेली. त्यावर २८५/३० एवढं वाचता आलं, पुढचा आकडा पट्टीखाली गेलेला. पुढचा टायर २४५/३५. रिमला बारीक स्पोक नव्हते, मोठी गोल भोकं होती. उजवीकडून कव्हर फडफडलं तेव्हा स्टीअरिंग दिसलं, आपल्यासारखं उजवीकडेच. नंबर प्लेट कुठेच नाही.

फ्लॅटबेडचा फळा छातीएवढा उंच असल्यामुळे मागून गाडीचं पोट दिसत होतं. दोन चाकांच्या मधोमध डिफरन्शियलचं, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचं, हाउसिंग आणि दोन्हीकडे जाणारे शाफ्ट. पुढं सगळं प्लास्टिकच्या ट्रेनं झाकलेलं.

माझ्या मते ही अल्फा रोमिओ जुलिया क्वाड्रिफोलिओ आहे. सोबतचे दोघं बीएमडब्ल्यूची एम-थ्री म्हणतात. तुम्हाला काय वाटतं? आणि जुलिया असेल तर ती इथं आली कशी?

जुळे_सोलापूर_टर्बो

एम-थ्रीच. लांब नाक, चार एक्झॉस्ट, मागच्या चाकांना ताकद, सगळं जुळतं. २०१४ मध्ये बीएमडब्ल्यूनं एम-थ्री सेडान भारतात अधिकृतपणे आणली होती. अल्फाचं तर देशात एकही शोरूम नाही. जे इथं विकलं गेलंय ते आधी धरायचं.

होटगीरोड_व्हीएट

मला वाटतं होल्डन कमोडोर. उजवं स्टीअरिंग, व्हीएट म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना. ऑस्ट्रेलियातला एलिझाबेथचा कारखाना २० ऑक्टोबर २०१७ ला बंद झाला, त्यानंतर तशी गाडी कुणी बनवलीच नाही. एखाद्या शौकिनानं जपून ठेवलेली आणली असेल तर? कॅडिलॅकची सीटी-फाइव्ह-व्ही ब्लॅकविंगसुद्धा मनात आली होती, पण ती डाव्या स्टीअरिंगचीच येते, म्हणजे बाद.

पाना_नंबर_दहा

अक्कलकोट रोडला माझं गॅरेज आहे. पद्मिनी, अँबेसिडर आणि कॉन्टेसा या गाड्यांवर हात बसला, म्हणजे मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या खालून बघतच मी मोठा झालो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

होल्डन सोडून द्या. २०१७ ला कारखाना बंद झाला, म्हणजे आज ती गाडी जुनी म्हणूनच येणार, आणि तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आपल्याकडे आणू देत नाहीत.

आता टायर. या पोरानं सगळ्यात कामाची गोष्ट वाचलीय, पण उत्तर मागच्या टायरमध्ये नाही, पुढच्यात आहे. २८५/३० म्हणजे २८५ मिलिमीटर रुंदी आणि तिच्या ३० टक्के उंची, ‘आर’पुढचा आकडा म्हणजे रिमचे इंच. २८५/३० हा आकडा एम-थ्रीलाही असतो. २०१४ च्या पिढीच्या कॉम्पिटिशन मॉडेलला मागे २८५/३० आर २० आणि पुढे २६५/३० आर २०. आत्ताच्या पिढीच्या कॉम्पिटिशनला मागे तेच, पुढे २७५/३५ आर १९. म्हणजे या दोन्ही पिढ्यांच्या एम-थ्रीचा पुढचा टायर २४५ एवढा अरुंद नसतो. मर्सिडीजच्या जुन्या व्हीएट सी-६३ एसला पुढे २४५/३५ असतो, पण मागे २६५/३५. लेक्सस आयएस ५०० ला पुढे २३५/४०, मागे २६५/३५.

पुढे २४५/३५ आणि मागे २८५/३०, दोन्ही १९ इंची: ही जोडी जुलिया क्वाड्रिफोलिओची आहे. भोकांचे रिम अल्फाची जुनी खूण, पिरेली टायरही कंपनीचेच. पट्टीखालचा आकडा १९ निघाला तर वाद मिटला. २० निघाला तर कुणीतरी रिम बदललेत आणि परत पहिल्यापासून बघावं लागेल. हैदराबादरोड, सोबत कुणी फोटो काढलाय का?

मागच्या हाउसिंगबद्दल सगळ्यांसाठी एक गोष्ट. तेवढ्यावरून गाडी फक्त मागच्या चाकांवर चालते असं ठरत नाही. चेन्नईत जोडली जाणारी एम-३४०आय मागून बघितली तरी असंच दिसतं, पण ती चारी चाकांवर चालते. खरी खूण पुढे असते. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस आणि तिथून पुढच्या चाकांकडे जाणारा दुसरा शाफ्ट, हे बघावं लागतं. ट्रे लावलेला असेल तर ते दिसणार नाही.

पद्मिनीच्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, झिजला की गिअर टाकताना खालून ‘टक्’ असा आवाज यायचा. आम्ही पोरं तो आवाज ऐकूनच सांगायचो की शाफ्ट उतरवायला लागणार. तो लोखंडी शाफ्ट एकट्यानं उचलताना खांदा भरून यायचा. जुलियात तोच शाफ्ट कार्बन फायबरचा आहे. काम तेच, इंजिनाची ताकद मागच्या डिफरन्शियलला पोचवायची, पण वजन एकदम कमी. फिरणारी वस्तू हलकी झाली की इंजिन पायाला लगेच साथ देतं. फेरारीत काम केलेल्या फिलिप क्रीफ यांच्या हाताखाली ही गाडी तयार झाली आणि २४ जून २०१५ ला मिलानजवळ आरेसेला जगासमोर आली. इंजिन २८९१ सीसी, व्हीसिक्स, दोन टर्बो, ५१० हॉर्सपॉवर, ६०० न्यूटन मीटर. २०१६ मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग रेस ट्रॅकची फेरी ७ मिनिटं ३२ सेकंदांत. आणि एवढी सगळी ताकद फक्त मागच्या दोन चाकांना.

हे मुद्दाम सांगतोय, कारण अशा सेडान संपत चालल्यात. एम-फाइव्ह २०१७ पासून चारी चाकांवर गेली. सी-६३ मध्ये २०२२ ला दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन, बॅटरी आणि चारी चाकांना ताकद आली. त्या वेगवान आहेत, यात शंका नाही. पण पुढच्या चाकांनी फक्त वळायचं आणि मागच्यांनी ढकलायचं, यात हाताला स्टीअरिंगचं जे कळतं ते चारी चाकांच्या गाडीत तसं कळत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की वजन मागे सरकतं, मागचे टायर रस्ता घट्ट धरतात आणि नाक हलकं होतं. ज्यानं एकदा हे अनुभवलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

हैदराबादरोड_१३

काका, मित्रानं व्हिडिओ काढला होता. तो थांबवून थांबवून बघितला. पट्टी जरा सरकलेल्या एका फ्रेममध्ये मागच्या टायरवर ‘आर १९’ स्पष्ट दिसतंय. पुढच्यावरही १९ च आहे.

आणखी एक सापडलं. पुढच्या चाकाच्या मागे, दाराच्या आधी, पत्र्यावर कव्हराखाली काहीतरी त्रिकोणी उठून दिसतंय.

पाना_नंबर_दहा

तो त्रिकोण म्हणजे चार पानांच्या हिरव्या क्लोव्हरचा बॅज. माझ्या बाजूनं नक्की. जुलिया क्वाड्रिफोलिओ.

जुळे_सोलापूर_टर्बो

टायरची जोडी आणि त्रिकोण दोन्ही असल्यावर एम-थ्री म्हणण्यात अर्थ नाही, मान्य. पण आली कशी? शोरूम नाही, सर्व्हिस नाही. कुणी सांगेल का?

न्हावाशेवा_क्लिअरिंग

मूळचा मंगळवेढ्याचा. आता उरणला कस्टम क्लिअरिंगचं काम करतो, गाड्यांच्या फायली हातातून जातात.

सरळ रस्ता कंपनीचा. २०१८ पासून परदेशी कंपनीला किंवा तिच्या अधिकृत प्रतिनिधीला वर्षाला २,५०० गाड्या इथल्या चाचण्यांशिवाय आणता येतात, स्टीअरिंग उजवीकडे हवं आणि युरोप-जपानसारख्या ठिकाणचं प्रमाणपत्र हवं. पण अल्फाचा इथं प्रतिनिधीच नाही, म्हणून हा रस्ता मला पटत नाही.

दुसरा, परदेशातून कायमचं परत येणारा माणूस. दोन वर्षं बाहेर राहिलेला असला पाहिजे आणि गाडी आधीपासून त्याच्या ताब्यात हवी. इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियातून परतलेला कुणी डॉक्टर, आयटीवाला असू शकतो. हैदराबादला अशी माणसं भरपूर. तिथल्या जुलिया उजव्या स्टीअरिंगच्याच असतात.

तिसरा कार्नेट, म्हणजे काही महिन्यांसाठी आणून परत न्यायची. पण तेव्हा गाडीवर परदेशी नंबर राहतो. इथं प्लेटच नाही, म्हणून बाद.

चौथा माझ्या मते सगळ्यात जवळचा. अल्फाची मूळ कंपनी स्टेलांटिस. तिची जीप आपल्या रांजणगावला बनते. स्टेलांटिस व्हायच्या आधी, डिसेंबर २०२० मध्ये, फियाट क्रायसलरनं हैदराबादला १५ कोटी डॉलरचं डिजिटल हब जाहीर केलं होतं. संशोधनासाठी गाडी आणायची कंपन्यांना वेगळी मुभा असते. गाडी एकटी, प्लेटशिवाय, हैदराबादकडे तोंड करून जातेय, हे सगळं त्यात बसतं. अंदाजच आहे, पण मी पैज त्यावर लावेन.

पैशाचं गणितही सांगतो, कारण फोनवर मला रोज कुणीतरी विचारतं. समजा बंदरावर उतरलेल्या नव्या गाडीची किंमत ६० लाख. चाळीस हजार डॉलरच्या वरच्या गाडीला ७० टक्के ड्युटी आणि ४० टक्के कृषी सेस, मिळून ११० टक्के. झाले १ कोटी २६ लाख. त्यावर ४० टक्के जीएसटी, २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा. झाले १ कोटी ७६ लाख ४० हजार. महाराष्ट्रात नोंदवली तर आयात गाडीला २० टक्के कर, पण ३० लाखांच्या वर घेत नाहीत. म्हणजे विमा सोडून २ कोटी ६ लाखांच्या पुढे. जुनी आणली तर ड्युटी आणखी जास्त, आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच.

होटगीरोड_व्हीएट

साठ लाखांचे दोन कोटी! तरीही पैसे असते तर मी घेतली असती. पाना काका, एक सांगा. अशी गाडी आपल्या सोलापुरात चालेल का? एमएच-१३ नंबर लावून सात रस्त्यावरून रोज?

पाना_नंबर_दहा

चालेल, पण मालकाला तिच्यासाठी वेळ काढावा लागेल.

पहिली अडचण टायर. २८५/३० म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत रबर साडेआठ सेंटिमीटर, पुढे २४५/३५ ला तेवढंच. होटगी रोडच्या एका खड्ड्यात टायरला फुगा येईल नाहीतर रिमला चीर जाईल. पुढच्या बंपरखाली कार्बन फायबरचा हलणारा स्प्लिटर आहे, तो वेगात गाडीचं नाक खाली दाबून ठेवतो. आपल्या गल्लीतले बिनमापाचे गतिरोधक त्यालाच आधी घासणार. शहरात तिरकी घालून चढवायची, दुसरा उपाय नाही.

दुसरी अडचण पेट्रोल. ही गाडी युरोपातल्या ई-१०, म्हणजे दहा टक्के इथेनॉलपर्यंतच्या पेट्रोलवर बेतलेली, आणि आपल्याकडे सगळीकडे ई-२०. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांची मळी त्यात इथेनॉल होऊन जाते, त्यामुळे आपल्या शेतकऱ्याला पैसा मिळतो, ते चांगलंच आहे. पण या इंजिनासाठी मी तरी इथेनॉल नसलेलं शंभर ऑक्टेनचं पेट्रोल शोधेन आणि टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडू देणार नाही.

तिसरी, मे महिन्यातलं ऊन. ४३-४४ अंशांत दोन टर्बोंचं इंजिन दमवून लगेच बंद करायचं नाही. शेवटचे काही किलोमीटर हळू चालवायची आणि थांबल्यावर थोडा वेळ चालू ठेवायची. हे आपण डिझेल टर्बोला करतोच, तेच इथं.

बाकी पार्ट. इंग्लंडहून मागवावे लागतील. ब्रेक पॅड, फिल्टर आणि सेन्सर आधीच आणून कपाटात ठेवायचे. उजव्या स्टीअरिंगच्या गाडीला मॅन्युअल गिअरबॉक्स येतच नाही, झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिकच येतो. तो गिअरबॉक्स आपल्या पोरांना बीएमडब्ल्यूमुळे ओळखीचा आहे, म्हणून त्याची मला काळजी नाही.

चालवायला रस्ता मात्र आपल्याकडे आहे. पहाटे पुणे रोडला पाकणी सोडली की मोहोळच्या पुढेपर्यंत सरळ, मोकळा. वेगाची मर्यादा पाळूनही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ओव्हरटेक करताना मागून जो धक्का बसेल, त्यासाठी माणूस दोन कोटी का घालतो ते मला समजतं.

हैदराबादरोड_१३

हैदराबादला माझा मेव्हणा माधापूरला असतो. त्याला हा व्हिडिओ पाठवलाय. गाडी रस्त्यावर दिसली तर काय बघू म्हणून विचारतोय.

पाना_नंबर_दहा

समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात चॅसी नंबर असतो. सुरुवात झेडएआर अशी असली की अल्फा. एम-थ्रीचा डब्ल्यूबीएस. मालक भेटला तर आधी त्याला नमस्कार करून विचारायला सांग, मगच काचेजवळ जायचं. आणि तो नंबर इथं टाकू नका, फक्त पहिली तीन अक्षरं सांगा.