किल्ला दोघांत एक असावा की प्रत्येकाचा वेगळा?

चर्चाप्रस्ताव : जिन्याखालचा गडकरी

सहामाही परीक्षा संपते, पाऊस परततो, दुपारी अंगणात अनवाणी पाय ठेवला तर तळवा भाजावा अशी ऑक्टोबरची उन्हे सुरू होतात, आणि आमच्या घरात दरवर्षीचा तंटा पुन्हा उभा राहतो. थोरला नऊ वर्षांचा आहे, धाकटा साडेपाच वर्षांचा. दोघांनाही दिवाळीचा किल्ला करायचा असतो आणि जागा मात्र जिन्याखालची, चार फूट बाय पाच फूट, एवढीच असते. पत्नीचे म्हणणे असे की मधोमध विटांची रांग लावून दोन वाटण्या कराव्यात. माझे मत नेमके उलट आहे. किल्ला एकच असावा, आई-वडिलांनी माती आणि विटा आणून देण्यापलीकडे त्यात हात घालू नये, आणि मुले भांडली तर त्यांना भांडू द्यावे.

मागच्या दिवाळीचा प्रसंग सांगतो, म्हणजे मी हे का म्हणतो ते कळेल. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. शाळेत त्याचा तक्ता लागला आणि थोरल्याने राजगड करायचे ठरवून टाकले. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या, मधोमध बालेकिल्ला, एवढेच नव्हे तर संजीवनीची दुहेरी चिलखती तटबंदीसुद्धा त्याला हवी होती. धाकट्याचे मागणे साधे होते: वाघाची गुहा आणि तिच्यासमोर गाड्या लावायला जागा. दोन दिवस घरात नुसती रणधुमाळी चालली. तिसऱ्या दिवशी सुवेळा माचीचे नेढे, म्हणजे कातळातले आरपार भोक, करायची वेळ आली. ओल्या मातीत काठीने भोक पाडले की वरची माती खाली बसायची. तीनदा बसली. मग धाकट्याने कोपरापर्यंत हात आत घातला, थोरल्याने त्यावरून माती थापली, आणि जवळजवळ अर्धा तास तो पोरगा उन्हात हात न हलवता पालथा पडून राहिला. दर दोन मिनिटांनी "दादा, काढू का?" आणि दर दोन मिनिटांनी "अजून नाही." हात निघाला तेव्हा नेढे टिकले होते आणि त्यातून पलीकडची पणती दिसत होती. दोन किल्ले असते तर हे झाले असते का?

पायरीची वीट

आपला प्रसंग मनापासून आवडला, पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी घरातला धाकटा आहे, आज त्रेचाळीस वर्षांचा असलो तरी किल्ल्याच्या बाबतीत अजून धाकटाच आहे. आमच्याकडेही किल्ला एकच असे आणि तो दादाचा असे. मी पाणी आणले, माती चाळली, बारदान धरून उभा राहिलो, आणि पाहुणे आले की दादा त्यांना बुरूज दाखवीत असे. माझी आई कौतुकाने म्हणायची, "दोघांनी मिळून केलाय." ते वाक्य मला तेव्हाही टोचायचे.

आपलाच मजकूर पुन्हा वाचावा. राजगड कोणी ठरवला? थोरल्याने. नेढे हवे हे कोणी ठरवले? थोरल्यानेच. धाकट्याचा हात तिथे प्लास्टिकच्या नळीऐवजी वापरला गेला, आणि तो कधी काढायचा हेही त्याच्या हाती नव्हते. वाघाची गुहा आणि गाड्यांची जागा यांचे शेवटी काय झाले, ते आपण लिहिलेलेच नाही. नऊ आणि साडेपाच या वयांत बरोबरीचे भांडण होतच नाही, ते मोठ्याच्या सोयीनेच मिटते. म्हणून जागा दोन फूट असली तरी चालेल, पण प्रत्येकाला स्वतःची द्यावी.

चकलीचा सोऱ्या

वरच्या दोन्ही प्रतिसादांत किल्ला आहे, मावळे आहेत, बंधुप्रेमही आहे, पण फरशी कोणी पुसली याचा उल्लेख नाही. आमच्याकडे दोन मुलगे आहेत, सात आणि चार वर्षांचे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी भाजणीची उकड मळत असताना चार लाल पायांचे ठसे ओट्यापर्यंत येतात, बाटली भरून परत जातात, आणि असे दिवसातून वीस वेळा होते. दोन किल्ले म्हणजे दुप्पट माती, त्यामुळे माझे मत एकाच किल्ल्याच्या बाजूने आहे आणि त्यामागे कोणतेही उदात्त कारण नाही.

मात्र "आई-वडिलांनी हात घालू नये" या वाक्याबद्दल गडकऱ्यांना एक विचारावेसे वाटते. हात न घालता आपण त्या तीन दिवसांत नेमके काय करीत होता? कारण भांडण विकोपाला गेले की मुले स्वयंपाकघरातच येतात, दिवाणखान्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाकडे सहसा जात नाहीत. आपल्या पत्नीने वाटणीची सूचना केली, त्याचे कारण कदाचित इथे असेल.

निवृत्त गुरुजी

मी एका किल्ल्याच्या बाजूचा आहे, परंतु मुलांना मोकळे सोडून बाजूला होणे मला पटत नाही. किल्ला करणे ही शिकवावी लागणारी गोष्ट आहे. नुसत्या मातीचा ढीग घातला तर या दिवसांतल्या उन्हाने दुसऱ्याच दिवशी त्याला भेगा पडतात. आतून विटांचा आणि दगडांचा सांगाडा रचायचा, त्यावर भिजवलेले बारदान घट्ट ताणून बसवायचे, मग लाल मातीचा पातळ राबा हाताने लिंपायचा, तो ओला असतानाच बोटाने पायऱ्या पाडायच्या, आणि उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून वर पाण्याचा नुसता शिपका द्यायचा, म्हणजे तीन-चार दिवसांत हिरवळ उगवते. हे सारे मला वडिलांनी हाताला धरून शिकवले आणि मी माझ्या मुलांना शिकवले. भांडू द्या म्हणणाऱ्यांनी मुलांना भांडायला निदान एक पक्का सांगाडा तरी द्यावा.

पायरीची वीट यांचे दुःख खरे आहे, तरीही त्यावर विटांची रांग हा उपाय नाही. शेजारी बसलेला मोठा माणूस "आता गुहेची पाळी" एवढे म्हणाला तरी पुष्कळ काम होते. आणि राजगडावर गाड्या शोभतील का, याची चिंता थोरल्याने करू नये. आमच्या लहानपणीच्या प्रत्येक किल्ल्याखाली ट्रॅक्टर असे, गवळण असे, शिट्टी वाजवणारा वाहतूक पोलीस असे, आणि महाराज वर सिंहासनावर बसून ते सगळे निमूटपणे पाहत असत.

चौथा मजला

आमच्या सोसायटीत माती वर आणायला बंदी आहे. रस्त्याच्या कडेला मिळणारा प्लास्टरचा तयार किल्ला आणतो, मुले वीस मिनिटांत मावळे मांडतात आणि खेळायला जातात. कोणी भांडत नाही, कोणी पुसत नाही.

पायरीची वीट

चौथा मजला यांस : तोच किल्ला पुढच्या वर्षीही माळ्यावरून काढता येतो, हे आपण लिहिले नाही, पण तो त्याचा सर्वांत मोठा दोष आहे. मुलांना किल्ला करण्याइतकाच तुळशीच्या लग्नानंतर तो मोडण्याचा हक्क असतो.

गुरुजींस : शेजारी बसणारा मोठा माणूस बहुधा स्वतःच्याही नकळत मोठ्याची बाजू घेतो, कारण मोठ्याचा किल्ला किल्ल्यासारखा दिसतो. माझ्या वडिलांनी असेच केले आणि ते अत्यंत न्यायी गृहस्थ होते.

जिन्याखालचा गडकरी

सर्वांचे आभार. चकलीचा सोऱ्या यांच्या प्रश्नाचे उत्तर देणे मला भाग आहे. मी त्या तीन दिवसांत कार्यालयाचे काम घरून करीत होतो आणि भांडणे खरोखर स्वयंपाकघरात गेली होती. पत्नीला हा धागा वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, तिने फक्त फडके माझ्या हातात दिले.

पायरीची वीट यांनी विचारले म्हणून सांगतो. गुहा झाली होती, पण मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. वाघ दिसायला हवा असेल तर आडवे पडून पाहावे लागत होते. हे तेव्हा मला गमतीचे वाटले होते, आता तितकेसे वाटत नाही.

त्यामुळे काल एक बदल केला. किल्ला एकच राहील, याबाबत माझे मत कायम आहे, मात्र कोणता करायचा हे यंदा धाकटा ठरवेल आणि पुढच्या वर्षी थोरला. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे सांगाडा मी रचून देणार आहे. धाकट्याने लगेच सिंधुदुर्ग निवडला, कारण त्याच्या चहूबाजूंना पाणी असते. पाण्यात माती विरघळेल असे थोरल्याने ताबडतोब बजावले. त्यावर धाकट्याने बराच विचार करून सांगितले की पाण्याच्या जागी निळी रांगोळी घालू आणि ती दादाने घालावी. थोरला अजून रुसलेला आहे.

चकलीचा सोऱ्या

रांगोळी लादी पुसून झाल्यावर घालावी, आधी नको.

पायरीची वीट

एका वर्षाआड पाळी ही तडजोड झाली, न्याय नव्हे. साडेपाच वर्षांच्या मुलाला पुढचे वर्ष म्हणजे पुढचा जन्म वाटतो, आणि थोरल्याला या वर्षी तसेच वाटत असणार. माझे मत दोन किल्ल्यांचेच आहे. एवढे मात्र करावे : मालवणच्या त्या किल्ल्याचा दरवाजा जवळ गेल्याशिवाय दिसत नाही, तो कसा लपवायचा हे काम थोरल्याकडे द्यावे आणि त्यात कोणी लक्ष घालू नये. आणि यंदा वाघ समुद्रात येणार असेल तर त्याला दर्शनी बाजूला ठेवावे.